पावालीच्या दुर्बिणीची बैठक

“नुस्तं ‘बसत न्हाई’ म्हन. दोन शब्द. तुजं काय जातंय, आउने?”

“माजं? दारावर माज्या बाचं नाव हाय, ते जातंय.”

“त्येला मरून वीस वरसं झाली. त्येला काय कळतंय!”

“मेलाय म्हून तू हितं उबा हायेस. जित्ता असता तर कवाच पायरीखाली लोटला असता.”

तेन्होनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. कुइक्कावाराच्या शिकारी मेळ्याचा तो म्होरक्या. पन्नाशीचा, आडव्या हाडाचा, रानात हुकूम सोडायची सवय लागलेला. पण आउनेच्या दुकानात शिरला की त्याचं निम्मं वजन दाराबाहेरच राही. आज तर त्यानं कॉफीही नको म्हटली होती. या मुलखात कॉफी नको म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर काहीतरी वंगाळ बोलायला आलेला असतो. तेन्हो आजारी दिसत नव्हता.

दोघांच्या मधे बाकावर पावालीची बंदूक आडवी पडली होती. सकाळीच म्हातारा ती घोंगडीत गुंडाळून, तान्हं पोर ठेवावं तशी ठेवून गेला होता. वर दुर्बीण होती, पण दुर्बिणीनं बंदुकीवरून मान जरा तिरकी काढली होती, रुसलेल्या सुनेसारखी.

“दोनदा नापास झालाय त्यो,” तेन्हो म्हणाला. “शनिवारी तिसऱ्यांदा हुईल. समद्या गावाम्होरं. त्यापरीस तू सांग, या बंदुकीला दुर्बीन बसत न्हाई. बंदुकीचा दोस, मानसाचा न्हाई. इज्जत ऱ्हाती म्हाताऱ्याची. मेळ्याच्या घरात सूप ढवळायला येऊ दे की त्येला, आमी काय नको म्हनतोय?”

“आन् सात नंबरला कोन उबा ऱ्हानार?”

“बगू.”

“तुजा जावई.”

“बगू म्हनलं न्हवं!”

परीक्षा साधी होती. चार गोळ्या, पाऊणशे मीटर, वीतभराचा गोल, दीड मिनिट. चारीच्या चारी गोलात गेल्या तर शरदात मुसाच्या, म्हणजे रुंद शिंगांच्या थोरल्या हरणाच्या, शिकारीला बंदूक घेऊन उभं राहता येतं; एक जरी बाहेर गेली तर नाही. शनिवारची परीक्षा मोसमातली शेवटची. आणि सात नंबर म्हणजे दलदलीच्या कडेची, वाकड्या पाईनखालची जागा. पावाली तिथं सोळाव्या वर्षापासून उभा राहत आला होता. आता त्याला एकोणऐंशी चालू होतं.

“गेल्या साली मूस त्येच्या नाकाम्होरनं गेलं,” दाराशी जाऊन तेन्हो वळला. “घोड्याएवढं जनावर! यानं बार काढला न्हाई. दिसलंच न्हाई त्येला. आता तूच सांग, दिसत न्हाई त्या मानसाच्या हातात बंदूक द्यायाची का?”

“उद्या सांगते,” एवढंच ती म्हणाली.

तो गेला, आणि दुकानात घड्याळं पुन्हा ऐकू यायला लागली.

आउनेचा बाप घड्याळजी होता. गावात घड्याळं थोडी, म्हणून तो सायकली दुरुस्त करी, शिवणयंत्रं करी, आणि शरद जवळ आला की बंदुका. आउने बाकाखाली बसून वाढली. वीस घड्याळं एका भिंतीला, एकही दुसऱ्याशी जुळत नाही. त्या टिकटिकीत तिला झोप लागायची, अजून लागते. बाप वारला तेव्हा तिनं सगळी बंद केली होती, लोक म्हणाले दुःखानं केली. आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही, तेव्हा उठून सगळ्यांना चावी दिली. दुःख दुःखाच्या जागी, झोप झोपेच्या जागी.

नवरा होता. रेइनो. स्वीडनला गाड्या बनवायच्या कारखान्यात दोन वर्षांसाठी म्हणून गेला, ती दोन वर्षं अजून संपायची आहेत. नाताळला त्याचं कार्ड येतं. ती ते खिडकीत ठेवते, बर्फ वितळला की चुलीत घालते. यंदाचं तेवढं अजून घालायचं राहिलंय.

तिनं बंदुकीवरून दुर्बीण सोडवायच्या आधी सवयीनं डोळा लावला आणि नळी खिडकीबाहेर वळवली. ऑगस्टातलं ऊन तळ्यावर पातळ पडलं होतं, दूध पाण्यात सांडावं तसं. पलीकडचा काठ एकदम जवळ आला. कुणाच्या तरी दोरीवर पांढऱ्या चादरी हलत होत्या, आवाज न करता. कुइक्का पक्षी पाण्यात बुडाला. ती वाट बघत राहिली. तो भलत्याच ठिकाणी वर आला. होड्यांच्या झोपडीचं दार उघडं होतं आणि आतल्या काळोखात काहीतरी चकाकत होतं, वल्हं असेल, नाहीतर आणखी काही.

याच खिडकीतून, बापाच्या बाकावरच्या अशाच एका दुर्बिणीतून तिनं रेइनोला जाताना पाहिलं होतं. होडीत पेटीवर बसलेला, पाठमोरा. दुर्बिणीतल्या दोन रेघा बरोबर त्याच्या पाठीवर एकमेकींना कापत होत्या. लव्हाळ्यात शिरेपर्यंत तिनं त्याला तसा धरून ठेवला होता. दुर्बिणीखाली बंदूक नव्हती, हे त्याचं नशीब.

ती हसली, डोळा काढला, आणि पाना घेतला.

मागचा स्क्रू फिरवताच वास आला. गोड, धुरकट, सौनाचा, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचा, आणि जुन्या होड्यांचा. पाईनच्या मुळांचं डांबर. म्हाताऱ्यानं स्क्रू ढिले होऊ नयेत म्हणून आट्यांत डांबर भरलं होतं. या मुलखात माणसाच्या खोकल्यापासून होडीच्या भोकापर्यंत सगळ्याला डांबर लावतात. थंडीत ते दगड होतं. पण परीक्षा उन्हाळ्यात असते, आणि चार गोळ्यांनी तापलेल्या नळीवर ते मध होतं. दुर्बिणीची मागची बैठक उचलली तर खालून भूर्जाची साल निघाली. तीन पदरी, नीट कातरलेली. पुढच्या कडीत दुर्बीण सैल होती म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली.

“अरं माज्या देवा,” आउने म्हणाली, “यानं बंदुकीला दुर्बीन बसवली न्हाई, होडीला ठिगळ लावलंय.”

दुपारी पावाली आला. उंच, वाळका, जाकिटाच्या खिशात दोन्ही हात. येताना बटाट्याची भाकरी फडक्यात बांधून आणली होती. ती बाकावर ठेवली आणि भिंतीजवळच्या स्टुलावर बसला. आउने आट्यांतलं डांबर खरवडत राहिली. या गावात ते उद्धटपणाचं धरत नाहीत.

“साल कुनी घातली?” शेवटी तिनं विचारलं.

“म्या.”

“आन् डांबर?”

“म्याच. मागली बाजू खाली हुती. पुडं टेकायची, मागं टेकायची न्हाई.”

“पयल्या परीक्षेला काय झालं?”

“पयल्या दोन गोलात. तिसरी खाली. चवथी लई खाली.”

“आन् दुसऱ्या येळी?”

“तसंच.”

तिला हेच ऐकायचं होतं. डोळा चुकला तर गोळ्या पहिल्यापासून चारी दिशांना जातात. या एकापाठोपाठ एक खाली सरकत गेल्या होत्या, जिन्यानं उतरावं तशा. डोळा नव्हे, साल दबत होती.

“तुजं डांबर वितळलं, म्हाताऱ्या. साल दबली. दुर्बीनीनं मान टाकली.”

पावालीनं विचार केला. “होडीत चालतंय,” तो म्हणाला.

“होडी लाथ मारती व्हय?”

आता उरला तेन्होचा प्रश्न. तिनं हातातला पाना पुसला, पुन्हा पुसला.

“गेल्या साली सात नंबरवरनं मूस गेलं, तवा तुला दिसलं न्हाई म्हनत्यात.”

“दिसलं.”

“मंग?”

म्हातारा खिडकीकडं बघत होता. तळ्यावरचं ऊन त्याच्या पांढऱ्या दाढीच्या खुंटांत हलत होतं.

“धुकं हुतं. काय तरी मोठं आलं. शिंगं असतील, न्हाईतर फांद्या. मूस असंल, न्हाईतर रानातल्या बेऱ्या येचाया वाकलेली बाई. लई येळ उबं ऱ्हायलं. म्या बी उबा. त्यानं बी मला बगितलं असंल. मंग म्या म्हनलं, जाऊ दे.”

“हे तेन्होला सांगायचं हुतंस की!”

“इचारलं कुनी?”

आउनेनं पाना खाली ठेवला. अख्खा मेळा हिवाळाभर म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर बोलत होता, सौनात, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर. आणि वीस माणसांतल्या एकानंही म्हाताऱ्याला विचारलं नव्हतं. विचारणं म्हणजे त्याच्या घरात पायताणासकट शिरणं. आणि हाही असला, की विचारल्याशिवाय सांगायचा नाही.

“आन् मूस मारायला कोन जातंय, पोरी?” पावाली आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. “ते तर तेन्होचा कुत्रा बी मारंल. म्या उबा ऱ्हायला जातो. फाटंचं जाऊन उबं ऱ्हायाचं. आदी कानात आपलंच रगत वाजतंय. मंग ते बी गप हुतंय. पाईनवरनं थेंब पडला तर पाऊल वाटतंय. दुपार हुस्तवर मी कोन आन् झाड कोन, कळत न्हाई. सूप ढवळताना हे कसं हुयाचं? तितं समदी बोलत्यात.”

घड्याळं वाजत राहिली, कुणी पुढं, कुणी मागं.

“तुज्याकडं जंगलतोडीची जुनी करवत हाय का?” आउनेनं विचारलं. “वाकड्या चौकटीची?”

“भितीवर हाय. चाळीस वरसं चालवलीया.”

“तिचं पातं घिऊन ये.”

तो गेला आणि ती कामाला लागली. बंदूक लढाईनंतर गावात आलेल्या लष्करी सांगाड्यावर बांधलेली होती. पावालीच्या बापानं मागची पाठ आपल्या हातानं कानशीनं घासून खाली केली होती, जुन्या तऱ्हेची नेम धरायची पट्टी बसावी म्हणून. त्यामुळं बंदुकीचं नाव एक आणि पाठ दुसरीच. यादीत नाव बघून बैठक मागवली तर पुढं बसणार, मागं अधांतरी राहणार. म्हाताऱ्याचं तेच झालं होतं. दुसरा कुणी असता तर पुढची बाजूही घासून मागच्यासारखी केली असती. पण पुढच्या लोखंडावर पावालीच्या बापानं टोच्यानं बारीक खुणा केल्या होत्या, जनावरागणिक एक. आउनेनं त्यावरून अंगठा फिरवला आणि कानस परत लटकवली.

मग तिनं फळीवरचे डबे उतरवले. एकसंध लांब बैठक तिनं नुसती धरून पाहिली आणि ठेवली. ती गोळ्या भरायच्या खाचेवरून आडवी जाते, पावालीची जाड बोटं आत गेली नसती. दोन तुकड्यांची घ्यायची. कड्या तीन उंचींच्या. बुटक्या लावल्या तर गोळी आत सारणाऱ्या बोल्टचा दांडा उचलताना दुर्बिणीच्या मागच्या फुगीर टोकाला ठणकन लागला. उंच लावल्या तर दिसायला झकास, पण गाल लाकडावरून सुटतो आणि म्हातारा बगळ्यासारखी मान काढून नेम धरणार. बगळा मासे मारतो, गोलात गोळी घालत नाही. मधल्या लावल्या. दांडा उचलला. आवाज नाही. दांडा आणि दुर्बिणीमधून तिनं रेइनोच्या कार्डाचा कोपरा सरकवून पाहिला, गेला. पुढं दुर्बिणीचं तोंड नळीला टेकत नाही ना, तेही कार्डानंच पाहिलं. नवरा कधीतरी कामाला आला. कड्या दुर्बिणीच्याच जाडीच्या निवडल्या आणि ट्यूबची पट्टी सायकलींच्या डब्यात टाकली.

पुढचा स्क्रू दोन आटे लांब निघाला. त्याचं टोक आत बोल्टच्या वाटेत डोकावत होतं, म्हणून बोल्ट अडखळायचा. पावाली म्हणायचा बोल्ट पण म्हातारा झालाय. तिनं टोक घासून बोल्टला तरुण केलं.

म्हातारा पातं घेऊन आला तेव्हा ऊन कललं होतं. तिनं जाडी मोजायचा कॅलिपर लावला. खाली जेवढी फट, तेवढीच पात्याची जाडी, वर केसभर. जंगल कापून कापून पातं बरोबर हवं तेवढं झिजलं होतं, असं कुणाला वाटलं असतं. आउनेला वाटलं, केसभर जास्त आहे, घासावं लागेल. तिनं तुकडा कापला, तापवून मऊ केला, दोन भोकं पाडली. मग मेणबत्ती लावून त्यावर बैठक धरली, काजळी धरू दिली, आणि जागेवर ठेवलेल्या पात्यावर दाबून उचलली. काजळी दोनच कोपऱ्यांवर उमटली. घासली. पुन्हा धुरी, पुन्हा दाब. तीन कोपरे. पुन्हा. मेणबत्ती बोटभर उतरली तेव्हा पातं सगळीकडं सारखं काळं झालं. जिथं काळं नाही तिथं स्पर्श नाही, आणि जिथं स्पर्श नाही तिथं भरवसा नाही, असं तिचा बाप म्हणायचा. तो बंदुकांबद्दलच बोलायचा, बाकीच्या गोष्टींबद्दल बोलायची त्याला सवय नव्हती.

स्क्रू स्पिरिटनं धुतले, मागं जरा लांब घातले, वर घड्याळजीच्या लाखेचा एकेक थेंब. डांबराचा डबा तिनं म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत फळीच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवला.

“सौनाला लागलं तर मागून ने. बंदुकीला न्हाई.”

बोल्ट काढून, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर ठेवून तिनं नळीच्या आतून तळ्यापलीकडं पाहिलं. भोकात होड्यांच्या झोपडीची खिडकी एखाद्या चंद्रासारखी गोल तरंगत होती. मग वर दुर्बिणीतून पाहिलं आणि दोन रेघा हळूहळू त्याच खिडकीवर आणल्या. खालून खिडकी, वरून खिडकी.

शुक्रवारी दोघं रेतीच्या खाणीत गेली. पहिली गोळी डावीकडं खाली. आउनेनं दुर्बिणीच्या गुंड्या फिरवल्या. पुढच्या तीन एका कपाच्या तोंडाखाली झाकतील अशा पडल्या. पावालीनं कागदाजवळ जाऊन भोकांत करंगळी घातली.

“बरं,” तो म्हणाला. याहून मोठं कौतुक त्याच्या घराण्यात कुणी केलेलं नव्हतं.

परतताना तेन्होच्या अंगणाशी ती थांबली. तो लाकडं फोडत होता.

“बसली,” ती म्हणाली.

“दोन शब्द सांगितलं हुतं तुला.”

“एकात भागलं. आन् ऐक, गेल्या साली मूस त्येला दिसलं हुतं. धुक्यात नक्की काय ते कळंना, म्हून त्यानं घोडा वडला न्हाई. तुजा जावई असता तर वडला असता का न्हाई, ते तुजं तू बग. माज्या भनीची पोर रोज त्या दलदलीत बेऱ्या येचती.”

तेन्होची कुऱ्हाड ओंडक्यात अडकून राहिली. “कुनी सांगितलं तुला?”

“त्येनंच. म्या इचारलं.”

शनिवारी ती परीक्षेला गेली नाही. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन आपलं घड्याळ बरोबर चालतंय का बघू नये, हा बापाचा नियम. ती दार उघडं टाकून बाकाशी बसली, समोर शाळेचं भिंतीवरचं घड्याळ उघडं पडलेलं. तळं आरशासारखं निपचित होतं. पलीकडून बार ऐकू यायचा, मग पाण्यावरून त्याची सावली चालत यावी तसा त्याचा पडसाद. नव्या बंदुका कोरड्या वाजतात, फळी आपटल्यासारख्या. पावालीची घोगरी होती. हजारांत ओळखू आली असती.

घोगरा बार आला. तिच्या हातातला चिमटा थांबला.

दुसरा. पडसाद लव्हाळ्यापर्यंत आला आणि विरला.

तिसरा.

मग काहीच नाही. घड्याळं चालत होती. तिनं मोजायचं नाही असं ठरवलं आणि मोजत राहिली. कुइक्का पाण्यात बुडाला. तिला वाटलं, म्हातारा आता सात नंबरवर पोचला आहे. गाव, गोल, तेन्हो काही उरलेलं नाही, थेंब पडतोय. पंचवीस. तीस. स्क्रू सुटला असेल. लाख कच्ची राहिली असेल. चाळीस. पक्षी भलत्याच ठिकाणी वर आला, आणि बार झाला.

तासाभरानं तेन्होची गाडी दाराशी थांबली. तो आत आला आणि कागद बाकावर टाकला. तीन भोकं मधे, शेजारी शेजारी. चौथं वर, गोलाच्या रेघेला कापून गेलेलं.

“रेघ धरत्यात का?” आउनेनं विचारलं.

“धरत्यात.” तेन्होनं टोपी काढली. “पास हाय.”

“आन् सात नंबर?”

“त्येचाच. आनि कुनाचा?” मग थोड्या वेळानं, “म्या बी इचारलं त्येला. परीक्षा झाल्यावर. गेल्या सालचं.”

“काय म्हनला?”

“म्हनला, ‘जाऊ दिलं.’ बास.”

“कुठाय त्यो?”

“गेला. जागंवरच्या डहाळ्या छाटतो म्हनला. शिकारीला म्हयना हाय अजून!” तेन्हो मान हलवत हसला. मग हसणं आवरून तो तिथंच घुटमळला, जमिनीकडं बघत.

“कॉफी?” आउनेनं विचारलं.

“दे,” तो म्हणाला, आणि गाडीतून आपली बंदूक घेऊन आला. “मागल्या साली बसवलीया. जरा खाली मारती.”

आउनेनं दुर्बिणीच्या मागच्या बैठकीला नाक लावलं. गोड, धुरकट वास आला.

“साल बी हाय का रं खाली?”

तेन्हो कॉफीच्या कपात बघत राहिला. “एकच पदर,” तो म्हणाला.

तिनं शाळेचं घड्याळ फडक्यानं झाकून बाजूला सारलं, पाना उचलला, आणि मेणबत्तीसाठी काड्यांची पेटी शोधायला लागली.